दातानं फोडलेली सुपारी

ओढ्यापलीकडून,
वैशाख वद्य ३, शके १८०९

कान्हा आबाजी यास,

नमस्कार लिहीत नाही. तो माणसांसाठी राखून ठेवला आहे.

तुमच्या पंचांनी काल आम्हाला वाळीत टाकलं. आमच्याशी कोणी बोलायचं नाही, आमच्या चुलीला विस्तव द्यायचा नाही, न्हाव्यानं माझ्या बापाच्या दाढीला हात लावायचा नाही, भातलावणीला एकमेकांच्या शेतात राबायची सावड आमच्याशी कोणी करायची नाही. नागू पंच एकेक बोट मोडून सांगत होता. लिहायचं नाही, असं मात्र तो बोलला नाही. त्याला सुचणार कसं? या वाडीत लिहिता येणारे दोनच. एक मी आणि एक तू, कर्जतच्या शाळेत माझ्या पाटीवरून बेरजा उतरवून पास झालेला. तेव्हा बोलणं बंद, लिहिणं चालू. पत्र कोंडी आणील. ती कातकरीण, तिला तुमची गावकी लागू नाही.

आता कामाचं. परवा तुमच्या अंगणात तुझ्या बहिणीच्या पाटाची सुपारी फुटायची होती. मैना विधवा होऊन चार वर्षं झाली, तिनं दुसरं घर करावं, याला माझी हरकत नव्हतीच. हरकत होती त्या खालापूरच्या बिजवराला, ज्याच्या मिशीला परवा गुळवणी लागली होती आणि त्याला पत्ता नव्हता. त्याच्या काकानं अडकित्ता काढला. मी तबकातली सुपारी उचलली, दाढेखाली धरली आणि फोडली. पाचही पंच बघत होते. पंचांसमोर सुपारी फुटली की सोयरीक ठरली, हा कायदा तुमचा. ती अडकित्त्यानंच फुटावी, असं त्यात कुठं आहे? मैना माझी झाली. तिच्यासाठी मी पुण्याचं कॉलेज अर्ध्यावर टाकून आलो आहे, रिकामा परत जाणार नाही. तुझ्या बापाला वाचून दाखव. मोठ्यानं वाच, त्यांना कमी ऐकू येतं.

वाल्मिक येसाजी


वाडी, वैशाख वद्य ५

वाल्मिकशेट,

पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हनाले, "ह्या घाट्याच्या पोराला कालेजात हेच शिकवलं काय रं, दुसऱ्याच्या तबकात हात घालायला?" मी म्हनलं, तेच शिकवत असतील, म्हनून तर सोडून आला.

कायदा तू आमाला सांगू नको. तुझा बा येसाजी इथं आला तवा आगगाडीचा रस्ता घाट चढत व्हता. अंगाला बारुदीचा वास आन डोक्यावर पाटी, एवढीच त्याची इस्टेट. आमच्या आज्यानं दया येऊन ओढ्यापल्याडचा कातळ दिला. देताना हसला बी. तुझ्या बानं पहिल्या साली त्यात काय पेरलं? बाजरी! कर्जतच्या पावसात बाजरी! आषाढात उभी कुजली. अजून आमच्यात कुणी येडेपना केला तर म्हनत्यात, यानं बाजरी पेरली. मग सुरुंग लावून कातळ फोडला, तवा आमच्या विहिरीला चीर गेली ती अजून बुजली नाय. तुमी घाटी जिथं जाल तिथं फोडायलाच येता. दगड म्हना, सुपारी म्हना.

पंचांचा निरोप असा. तू देवीच्या पायरीवर यायचं, नवी सुपारी ठेवायची, "ही सुपारी माझी नाय" असं बोलायचं आन नाक घासायचं. मग मैना मोकळी आन तुमचं घर बी मोकळं. तोवर खालापूरचे तिला नेत नाईत आन दुसरं कुणी विचारत नाय. एका दाढेनं दोन घरं बांधून ठेवलीस.

आता हे मी लिवत नाय, आई लिवायला लावते. ती म्हनते, तुझ्या आईला, सुंदराला सांग, रोपांच्या वाफ्यावर राबाला पसरलेली पानं वारा बघून जाळ, आन तुझी खोकल्याची पुडी माझ्याकडंच ऱ्हायलीय. कोंडीकडं देते.

आन मैना म्हनते: "त्या शहान्याला विचार, सुपारी गिळली का थुंकली? गिळली असंल तर मी त्याच्या पोटात बसलेय का बघ म्हनावं."

कान्हा


ओढ्यापलीकडून,
वैशाख वद्य ८

कान्हा,

शेवटचं वाक्य तुझं आहे. मैना माझ्याशी असं बोलणार नाही. मागच्या दिवाळीत तुमच्या खळ्यावर भात झोडत होती, तेव्हा माझ्याकडे पाहून हसली होती. ते हसणं घेऊन मी पुण्याला गेलो, आणि तर्कशास्त्राच्या तासाला मास्तर काय बोलले ते मला आजतागायत ठाऊक नाही. बहिणीच्या तोंडात स्वतःची घाण कोंबू नकोस.

बाजरीचं म्हणतोस? पेरली. बापाला भात माहीत नव्हता. आंबेगावाकडचा माणूस, चिखलात पाय घालून शेती करतात हे त्यानं इथं पाहिलं. पण तो पाटी घेऊन का राहिला, ते तुझ्या आज्यानं सांगितलं नसेल. घाटात छावणीला पटकी आली. बापाचा थोरला भाऊ आणि भावजय एकाच दिवशी गेली, आणि दोघांना एका खड्ड्यात लोटलं, ओंडके लोटावेत तसं. रस्ता पुरा झाल्यावर बाकीचे गडी वर निघून गेले. वर बापाचं घर होतं, दहा बिघे काळी जमीन होती. तो म्हणाला, जिथं माझं माणूस पुरलं तिथून मी कुठं जाऊ? दोन बोटं बोगद्यात ठेवून आलेला माणूस, त्यानं उरलेल्या बोटांनी तुमच्या दयेच्या कातळाची पाच खाचरं केली. आज त्या बांधावरून तुझा बाप रोज सकाळी चालत जातो, कारण तुमची वाट चिखलाची आणि आमची दगडाची. विहिरीला चीर गेली म्हणतोस. तिचं पाणी अजून आहे ना? मग चीर तुमच्या डोक्याला गेली असेल.

मी नाक घासणार नाही. माझं नाक घाटावरचं आहे, तुमच्या पायरीपर्यंत वाकत नाही.

आई म्हणते (तुझ्यासाठी नव्हे, तुझ्या आईसाठी, आनंदीकाकूंसाठी लिहितो): पुडी पोचली. राब जाळला, वारा धरला होता. यंदा तुझा हात नाही गं माझ्या वाफ्याला. आणि वाल्मिकचं मनावर घेऊ नका, तो लहानपणापासून तापट आहे. हे शेवटचं मी लिहिणार नव्हतो, ती शेजारी बसून बोट ठेवून लिहून घेते आहे. तिला वाचता येत नाही, पण मी लबाडी केली की कळतं.

वाल्मिक


वाडी, ज्येष्ठ वद्य १

वाल्मिकशेट,

रोपं वर आली. आमची आवनी पुढच्या आठवड्यात. सगळी वाडी एकमेकाच्या खाचरात जाईल. तुमच्यात कोण? तू, तुझा म्हातारा आन सुंदराकाकू. तू तर पेन धरनारा. पाच खाचरं तीन माणसांनी लावायची म्हंजे खालचं लावून होईस्तवर वरची रोपं जून. नाक घासायला किती वेळ लागतो रं? पानी प्यायला लागतो तेवढाच.

दिवाळीचं मैनाला वाचून दाखवलं. ती येवढी हसली का आई आतून बाहेर आली. म्हनते: "त्याच्या पुण्याच्या धोतराला मागून कुसळं लागली व्हती, घोरपडीच्या पाठीसारखी. तेच्यासाठी हसले. त्यानं तेवढ्यावर कालेज सोडलं? अरं, मग मी आनखी हसले असते तर काय सोडलं असतं त्यानं?"

हे माझं नाय. तिचंच हाय. तू मानू नको, मला काय.

आई म्हनते, सुंदराला सांग, पाठ सांभाळ.

कान्हा


ओढ्यापलीकडून,
ज्येष्ठ वद्य ७

कान्हा,

पावसात कोंडी आली होती. तंबाखू घेतली, ओसरीवर बसली, आणि मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं, "मैनाबाय हसत व्हती रं, कुसळं कुसळं म्हनत व्हती." म्हणजे ते तिचंच. पहिलंही तिचंच असणार. तुला खोटा म्हणालो, तेवढा शब्द मागे घेतो. बाकीचे सगळे शब्द तुझ्याजवळच ठेव.

हसू दे तिला. सुपारी फुटलेलीच आहे.

आता बाप सांगतो ते लिहितो. लिहिताना माझा हात जळतो आहे, हेही लिहितो. तो म्हणतो: "आबाजीदादास येसाजीचा रामराम. पोराच्या वतीनं मी येतो देवीच्या पायरीवर. नाक माझं घ्या. तुमच्या बापानं मला जागा दिली तेव्हाही मी खालीच बसलो होतो, आता बसायला लाज कसली? रोपं जून होण्याआधी मोकळं करा." हे त्याचं. माझं असं की, त्याचं नाक तुम्ही घेतलंत, तर मी तुमच्या पायऱ्यांचे दगड उचकून ओढ्यात टाकीन, आणि दगड उचकायला मला शिकवावं लागत नाही. तेच कसब आमच्या घरात आहे.

वाल्मिक


वाडी, ज्येष्ठ वद्य ९

पंच म्हनतात, ज्यानं फोडली त्याचंच नाक. म्हाताऱ्याचं नको.

तरी तुझा बा काल आला. तुला न सांगता आला असंल. ओढ्याच्या अल्याड, आमच्या बांधावर, पावसात घोंगडी न घेता उभा ऱ्हायला. कुणी बोललं नाय. बोलायचंच नाय ना. सगळे आवनी करत व्हते, तो बघत व्हता. नागू पंच त्याच्याकडं पाठ करून रोपं लावत गेला. बाबांनी बी तसंच केलं. मग तो गेला.

यात मला काय मजा आली, असं समजू नको. मी बी रोपंच लावत व्हतो. खाली बघून.

आईनं आज काही सांगितलं नाय. जेवली नाय.

कान्हा


ओढ्यापलीकडून,
आषाढ शुद्ध ४

कान्हा,

तुझ्या पत्रावरून मी बापाला विचारलं, आणि आमचं भांडण झालं. मी म्हणालो, त्या लोकांपुढं का उभा राहिलास? तो म्हणाला, "लोकांपुढं नाही. आवणी बघायला गेलो. मला ते बघायला आवडतं." आणि चिखलात परत उतरला. दोन खाचरं झाली. माझ्या पायाला चिखल्या पडल्या आहेत. आई रात्री उताणी झोपू शकत नाही. तिसऱ्याचं रोप गुडघ्याला आलं आहे.

तुम्हाला हवं होतं ते हे. बघा आता पोटभर. तुमच्या अंगणातून आमची वरची खाचरं दिसतात, उघडी पडलेली. एवढ्यासाठीच मी तुमच्यापैकी एकाचंही तोंड पाहत नाही.

वाल्मिक


वाडी, आषाढ शुद्ध ८

वाल्मिक,

मैनाचा निरोप हाय. शब्दाला शब्द लिवतो.

"माझ्या मनात तूच आहेस. पण अशी बांधलेली मी तुझ्याकडे कशी येऊ? आधी मला पंचांसमोर मोकळी कर. मग मी माझ्या पायांनी ओढा ओलांडून तुझ्या घरी येईन. माझ्यावर विश्वास ठेव. तुझीच, मैना."

पुढं तू जान.

कान्हा


ओढ्यापलीकडून,
आषाढ शुद्ध ९

उद्या सकाळी येतो. सुपारी आणतो. पंच गोळा कर.

वाल्मिक


वाडी, आषाढ शुद्ध ११

वाल्मिकशेट,

आता बोलनं सुरू झालंय, तरी लिवतो. तोंडावर सांगायला मला जमायचं नाय, आन कोंडी दारातच बसलीय.

काल तू आलास. धोतर धुतलेलं, दाढी न केलेली, कारन न्हावी नाय. सुपारी ठेवलीस, "ही माझी नाही" म्हनालास आन नाक घासलंस. येवढं घासलंस का कपाळाला बी चिखल लागला. नागू पंच म्हनला, पुरे. तू उठलास, कुनाकडं बघितलं नाईस, सरळ घरी गेलास. तू ओढा ओलांडला नसशील तोवर खालापूरचे आमच्या ओसरीवर येऊन बसले. मीच बोलावले व्हते. आदल्या दिवशी.

तर ऐक. ती मैनाची ओळ मैनाची नव्हती. मी रचली. बाबांना बी ठाऊक नाय. तू दुसऱ्या कशानं वाकनार नव्हतास, आन बहीन घरात म्हातारी झाली असती. तू म्हनशील मी हरामखोर. म्हन.

पन हरामखोरीचा काय उपेग झाला नाय. सुपारी तबकात ठेवली. पाटाला बाईचा होकार विचारावाच लागतो, तसं नागू पंचानं मैनाला विचारलं. विचारतात, ती मान खाली घालते, मग अडकित्ता चालतो. हिनं मान वर केली. म्हनली, "नाय." नागू म्हनला, "काय नाय?" ती म्हनली, "खालापूर नाय. परत विचारू नका." बाबा उठले, आई त्यांच्या आडवी आली. खालापूरचे गूळपानी न घेता गेले. काका म्हनला, या वाडीत सुपारी ठेवायची म्हंजे कुत्र्यापुढं भाकर ठेवायची.

नंतर मी तिला म्हनलं, मग त्या घाट्याकडं जायचंय का? ती म्हनली, "त्यानं बी सुपारीला विचारलं, तुमी बी सुपारीला विचारलं. आता माझी मी हाय. तुला भूक लागली असंल तर भाकर हाय शिंक्यात."

तुझ्यामुळं हे. तू दाढ मधे घातली नसतीस तर ती वैशाखातच खालापूरला गेली असती. जन्मात तुझं तोंड बघनार नाय.

कान्हा


ओढ्यापलीकडून,
आषाढ वद्य २

कान्हा,

ती ओळ तुझी आहे, हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. "माझ्या पायांनी ओढा ओलांडून" म्हणे! जी बाई मला घोरपड म्हणते, ती "विश्वास ठेव" म्हणणार? "आहेस" आणि "ओलांडून" तुझ्या हातचं नाही, तू ते कोणत्यातरी चोपड्यातून उतरवलंस, आणि बेरजांसारखंच चुकीचं उतरवलंस.

मग आलो का, ते ऐक. त्या संध्याकाळी तिसऱ्या खाचरात बाप उभा होता. हातात रोपांची मूठ, आणि ती तो खाली टाकत नव्हता, लावतही नव्हता. मी म्हणालो, बाबा, बसा. तो म्हणाला, "बसलो तर उठवणार कोण?" एवढंच. त्याला या गावात बसून उठायला तीस वर्षं लागली, आणि मी ती एका सुपारीवर पणाला लावली होती. तुझी थाप मला सोयीची होती. मैनासाठी वाकलो, असं तुम्हाला वाटू दे. बापासाठी वाकलो म्हटलं असतं, तर उद्या त्यालाच धरून तुम्ही मला पुन्हा वाकवलं असतं.

तेव्हा तू मला फसवलंस, असा गर्व करू नकोस. हरामखोर मात्र आहेस.

काल सकाळी वाडी आली, तुला माहीत आहे, तू बांधावर येऊन परत गेलास. बायका गुडघाभर चिखलात उतरल्या. आनंदीकाकूंनी आईला मागून कंबरेला धरून बाजूला केलं आणि तिच्या ओळीत स्वतः उभ्या राहिल्या. नागू पंचाची सूनसुद्धा आली. बोलणं सुरू झालं म्हणताना एवढं बोलणं ऐकलं की माझे कान बधिर झाले.

मैना सगळ्यात शेवटी आली. मी चौथ्या खाचरात होतो, माझ्या शेजारी जागा होती. ती माझ्यापुढून गेली, बापाच्या शेजारी वाकली आणि लावायला लागली. बाप घाबरला. म्हणाला, "पोरी, तू नको. घरात आरडाओरडा होईल. लोक म्हणतील, येसाजीच्या पोराकडं आली."

ती वर न बघता म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "काका, मागच्या साली सुंदराकाकू आमच्यात एक दिवस जास्त आली व्हती. तो दिवस द्यायला आलेय. सावड फेडतेय, सोयरीक नाय करत."

बाया हसल्या. बापही हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं रोपांची मूठ त्याच्या तीन बोटांत दिली, आणि दोघं वाकून पुढं गेले.

मी माझ्या ओळीत उभा होतो. कोणी माझ्याशी बोललं नाही, आणि आता कोणी मनाई केलेली नव्हती.

वाल्मिक येसाजी